‘किरकोळ’ शस्त्रक्रिया आणि आपले साहित्य

आपल्या मराठी साहित्यात रुग्णालय विपुल आहे. शस्त्रक्रियेच्या आधीचे घर मात्र फारच थोडे आढळते. कथा, नाटक आणि चित्रपट यांनी एक दृश्य इतके वापरले आहे की, ते आता आपल्याला डोळे मिटूनही दिसते. शस्त्रक्रियागृहाचे दार लोटले जाते, दारावरचा तांबडा दिवा लागतो, बाकावर नातलग ताटकळत बसतात आणि अखेरीस डॉक्टर बाहेर येऊन मान हलवतात. याच्या दुसऱ्या टोकाला आपला विनोदी लेख आहे. त्यात रुग्ण भित्रा असतो, भेटीस येणारे वाचाळ असतात आणि परिचारिका करड्या स्वभावाच्या असतात. या दोन टोकांच्या मधला मोठा प्रदेश पडीक राहिला आहे. तारीख ठरल्यापासून पिशवी घेऊन एस.टी.त बसेपर्यंतचे जे पाच-सात दिवस घर जगते, त्यांच्याकडे आपल्या लेखकांची नजर क्वचितच वळली.

ही उणीव केवळ विषयांच्या यादीतील नव्हे. ज्या अनुभवाला साहित्य शब्द देत नाही तो अनुभव घरातही मुका राहतो. आणि मुक्या राहिलेल्या भीतीची किंमत बहुधा घरातील बाईच मोजते. एवढे एकच म्हणणे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम ‘किरकोळ’ हा शब्द पाहू. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध, अंगावरची गाठ यांच्यासंबंधी डॉक्टर धीर देण्यासाठी म्हणतात, ‘किरकोळ ऑपरेशन आहे.’ त्यांच्या दृष्टीने ते खरेच आहे. परंतु हा शब्द मूळचा बाजारातला. बाजारात ठोक आणि किरकोळ असे दोन व्यवहार चालतात. शल्यचिकित्सकाचा व्यवहार ठोक असतो. सकाळपासून त्यांच्यापुढे एकामागून एक रुग्ण येतात आणि त्या सर्वांच्या हिशेबात एक हर्निया लहानच ठरतो. घराचा व्यवहार मात्र किरकोळीचा. तेथे माणूस एकच, पोट एकच, डोळा एकच. डॉक्टरांचे माप घराने जसेच्या तसे उचलले की दोन चुका होतात. भीती वाटणाऱ्याला आपली भीती लाजिरवाणी वाटू लागते. आणि इतरांना वाटते की, दोन दिवसांत बाई चुलीपुढे उभी राहील.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हे चित्र पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केले आहेत. चिखली-मेहकरकडचा शेतकरी असो की मलकापूर-नांदुऱ्याकडचा, शस्त्रक्रिया ठरली की पहिली चर्चा एकच: जावे कोठे? बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय, खामगावचे सामान्य रुग्णालय, की सरळ अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर? दुसरी चर्चा कागदांची. राज्याची आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली व २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तिच्यासाठी शिधापत्रिका शोधावी लागते. आणि तिसरी चर्चा हंगामाची. ‘सोयाबीन निघू द्या’, ‘कापसाची वेचणी होऊ द्या’, ‘तूर घरात येऊ द्या’ असे म्हणता म्हणता वर्ष उलटते. याच जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शेताच्या चिंतेने बांधले गेलेले घर ज्यांनी त्या कादंबरीत पाहिले, त्यांना शस्त्रक्रियेची तारीख पुढे का ढकलली जाते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

एका घराचे उदाहरण देतो. घर घाटाखालचे; नावगाव सांगण्याचे कारण नाही. पंचेचाळिशीतल्या गृहिणीचे बेंबीजवळच्या हर्नियाचे ऑपरेशन शुक्रवारी ठरले होते. सोमवारी तिने ज्वारी निवडली आणि दळणाचा डबा स्वतः कडेवर घेऊन गिरणी गाठली. ओझे उचलू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते तरीही! मंगळवारी जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी कुटून बरण्या भरल्या. बुधवारी गोधड्या धुतल्या. गुरुवारी सासूबाईंच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधल्या, पेटीतली शिधापत्रिका काढून पिशवीत ठेवली आणि कोणाकडून उसनी साखर यायची आहे तेही मुलीला सांगितले. नवऱ्याने तीनदा विचारले, ‘झालं का सगळं?’ तिने तीनदा सांगितले, ‘झालं.’ चार दिवसांत त्या घरात ऑपरेशनाविषयी याहून अधिक संभाषण झाले नाही. रात्री तिने बांगड्या उतरवल्या, लहानसा क्रूस ओवलेले मंगळसूत्र रुमालात बांधले आणि मुलीच्या हाती देत ती हसून म्हणाली, ‘वापस आल्यावर मांगून घेईन, नाही मांगलं तं तुहंच.’

साहित्यशास्त्र शिकताना आपण अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्तींचे पाठ घेतो. शब्दाचा उघड अर्थ ती अभिधा. उघड अर्थाच्या पलीकडे जे सुचवले जाते ती व्यंजना. या गृहिणीच्या चार दिवसांकडे अभिधेने पाहिले तर ती घरकाम करीत होती. व्यंजनेने पाहिले तर ती सतत बोलत होती. दळणाचा डबा सांगत होता की, मी दोन दिवसांत उठणार नाही हे मला ठाऊक आहे आणि तुम्हाला ठाऊक नाही. गोळ्यांच्या पुड्या सांगत होत्या की, माझ्याशिवाय हे घर कसे चालते ते मी कोणालाच कधी शिकवले नाही. आणि रुमालातले मंगळसूत्र जे सांगत होते ते इतके स्पष्ट होते की ते झाकण्यासाठी तिला हसावे लागले. एखाद्या चांगल्या कथालेखकाला याहून अधिक सामग्री कोणती हवी? येथे मृत्यू नाही, अपघात नाही, खलपुरुषही नाही. फक्त एक वाक्य आहे आणि त्याच्या मागे चार दिवसांचे काम आहे.

घर बोलत नाही, तेव्हा त्याच्या वतीने शब्दच कारभार करतात. म्हणून काही शब्दांची तपासणी करणे समीक्षकाचे काम ठरते. मोतीबिंदू ‘पिकला’ की काढावयाचा, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हे रूपक शेतातून आले आहे आणि एके काळी त्यात तथ्यही होते. जुन्या पद्धतीत मोतीबिंदू घट्ट होईपर्यंत डॉक्टरच थांबावयास सांगत असत. १९४९ साली इंग्लंडमध्ये हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. पुढे लहान छेदाच्या पद्धती आल्या आणि पिकण्याची अट गळून पडली. आज दैनंदिन कामाला अडचण होऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणेच अधिक जिकिरीचे होते. वैद्यक बदलले, पण रूपक बदलले नाही. अनेक आज्या अजूनही डोळा पिकण्याची वाट पाहत आहेत आणि भाकरीऐवजी तव्यावर बोट टेकवीत आहेत. एखादे रूपक माणसाची दृष्टी अडवून धरू शकते, याचे हे उदाहरण कोणत्याही काव्यशास्त्राच्या ग्रंथात शोभेल.

दुसरा शब्द ‘भूल’. गुंगीच्या औषधासाठी मराठीने योजलेला हा शब्द सुंदर आहे, परंतु त्याच्या पोटात चूक, चकवा आणि विस्मरण असे तिन्ही अर्थ आहेत. ‘भूल उतरली नाही तर?’ या एका शंकेने कित्येकांची झोप उडते. त्या शंकेला उत्तर देता येते: भूल देणारे डॉक्टर वेगळे असतात, शस्त्रक्रिया चालू असेतो त्यांचे लक्ष श्वासाकडे व नाडीकडेच असते, आणि पुष्कळ लहान शस्त्रक्रियांत तेवढीच जागा किंवा कमरेखालचा भाग बधिर केला जातो. परंतु शंका विचारली गेली तरच उत्तर मिळणार!

तिसरा शब्द आमच्या उपासनेतला. आजाऱ्याला तेलाचा अभ्यंग देण्याच्या संस्काराला पूर्वी ‘अखेरचा अभ्यंग’ म्हणण्याची रूढी होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले की, त्याला ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य. नाव बदलून साठ वर्षे लोटली, तरी गंभीर दुखण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी धर्मगुरू तेल घेऊन आले की काही घरांत अजून रडारड सुरू होते. जुना शब्द कागदावरून पुसला जातो. मनातून जावयास त्याला पिढ्या लागतात.

या दिवसांत घरात आणखी एक लिखित मजकूर असतो आणि तो सर्वांत कमी वाचला जातो. तो म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. ‘रात्री बारानंतर काही खाऊ-पिऊ नये’ हे वाक्य कोरडे आहे. ते का पाळावयाचे ते त्यात नसते. भूल दिल्यावर पोटातील अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ नये, हे त्याचे कारण. आजची सर्वसाधारण वैद्यकीय शिफारस अशी की, प्रौढ व्यक्तीने हलक्या अन्नानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जाऊ द्यावेत. पण ज्याला त्याला आपल्या डॉक्टरांचाच शब्द प्रमाण. कारण ठाऊक नसले की प्रत्येक जण त्या ओळीचा अर्थ स्वतःच्या सवयीने लावतो. उपवासाची सवय असलेली आजी आदल्या दुपारपासूनच ताट बाजूला सारते. नातवंडांच्या आग्रहाला बळी पडणारे आजोबा पहाटे गुपचूप दोन बिस्किटे चहात बुडवून खातात आणि ‘चहा म्हणजे काय खाणे आहे?’ असे विचारतात. रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यावयाची की नाही, रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी थांबवावयाची, हे डॉक्टरांनाच विचारावयाचे प्रश्न शेजारणीला विचारले जातात. मजकूर एकच, वाचन अनेक. फक्त येथे चुकीच्या वाचनाने तारीख रद्द होऊ शकते.

आता साहित्याकडे वळू. सल्लागारांच्या या गर्दीचे अचूक चित्रण आपल्याकडे झालेले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’ आठवून पाहावा. वजन कमी करण्याचा नुसता मानस बोलून दाखविला आणि सारी चाळ वैद्य झाली! त्या लेखातील निरीक्षणाला तोड नाही. परंतु तेथे उपास हौसेचा आहे, म्हणून हसणे निर्मळ राहते. पुढील अनुकरणकर्त्यांनी तेच हसे ऑपरेशनावर आणून ठेवले आणि रुग्णाच्या भीतीलाच विनोदाचे लक्ष्य केले. जो लेख भ्यालेल्या माणसाला हसतो, तो त्याला पुन्हा तोंड उघडू देत नाही.

हसून भीती सांगता येते, हे आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. आपली फजिती, आपला हट्ट, आपली घाबरगुंडी यांतले काहीही त्यांनी लपविले नाही. त्या हसतात, पण स्वतःला हसतात. आणि वाचकाला वाटते की आपलेही असेच सांगता येईल. लक्ष्मीबाईंचा हा वारसा आपण मिरवतो, परंतु चालवीत नाही.

आपण चालवतो तो वारसा वेगळा आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मातृप्रेमाचे ते स्तोत्र मराठी मनावर कायमचे कोरले गेले आहे आणि त्याच्या थोरवीविषयी वाद नाही. दारिद्र्यात आणि आजारपणात घराचा भार वाहत झिजून गेलेल्या आईला पुत्राने वाहिलेली ती अंजली होय. परंतु पुत्राची अंजली ही पुढील पिढ्यांच्या आयांसाठी नियमावली नव्हे. आपण मात्र ती तशीच वाचली. आपल्या मृत्युलेखांत, स्मरणिकांत आणि धर्मग्रामांच्या सभांतून एक वाक्य हमखास येते: ‘माउलीने दुखणे अंगावर काढले, पण कोणाला त्रास दिला नाही.’ हे वाक्य गौरवाचे म्हणून लिहिले जाते. समीक्षकाने ते उलटे करून वाचले पाहिजे. दुखणे अंगावर काढले म्हणजे ते वेळेवर दाखविले नाही. साधा हर्निया महिनोन्महिने अंगावर काढला आणि त्यात आतडे अडकून पीळ पडला, की मग ती शस्त्रक्रिया किरकोळ राहत नाही; ती तातडीची आणि जिवावरची होते. आपल्या स्तुतीनेच तिला थांबवून ठेवले होते, हे त्या मृत्युलेखात कोठेही लिहिलेले नसते.

सोशिकपणाला दागिना मानण्यास नकार देणारी लेखणी याच बुलढाण्याची होती, याचे विस्मरण आपल्याला शोभत नाही. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली प्रसिद्ध झाला. बायकांसाठी एक माप आणि पुरुषांसाठी दुसरे, या व्यवहाराला त्यांनी रोखठोक भाषेत जाब विचारला. महात्मा फुले यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे दीर्घकाळ हे पुस्तक विस्मृतीत गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. ताराबाईंचा विषय शस्त्रक्रियेचा नव्हता. परंतु त्यांचा प्रश्न आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. घरातील पुरुषाचे ऑपरेशन ठरले की घर त्याच्याभोवती गोळा होते, आणि घरातील बाईचे ठरले की बाई घराभोवती फिरत राहते. असे का?

सहीच्या वेळी हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. त्या काळी ती किरकोळ नव्हती. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. लोकांच्या आठवणीत तो कंदील राहिला. परंतु त्याआधीची घटना अधिक मननीय आहे. रुग्ण येरवड्याचा कैदी होता, सरकार परके होते. तरीही श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतले गेले आणि गांधीजींनी आपल्या संमतीच्या निवेदनावर स्वतः, कापऱ्या हाताने, सही केली. कैद्यालाही आपल्या देहाविषयीचा शब्द आपणच द्यावयाचा होता. आपल्या घरातील स्वतंत्र बाईचा शब्द मात्र पुष्कळदा नवरा किंवा मुलगा देतो आणि ती शेजारी उभी राहून पदर सारखा करते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले की, सज्ञान व शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाची संमती त्याचीच हवी. भुलेखाली असलेल्या मुलीच्या वतीने आईने दिलेली संमतीही तेथे ग्राह्य धरली गेली नाही. हा निर्णय वकिलांपुरता ठेवण्याचे कारण नाही. आदल्या रात्री घरात बसून तो कागद तिला वाचून दाखवावा, तिला न समजलेला शब्द सकाळी डॉक्टरांना विचारावा आणि मग सही तिची घ्यावी. एवढे केले तरी घराच्या मौनाला पहिली चीर पडेल.

याच वाटेने साहित्यही पुढे जाऊ शकेल. केवळ वाट पाहण्यातून मोठी कलाकृती होत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने जयवंत दळवी यांचे १९७३ चे ‘संध्याछाया’ हे नाटक स्मरावे. दोन वृद्ध माणसे, रिकामे घर आणि दूर गेलेली मुले, एवढ्याच भांडवलावर ते उभे आहे. मराठी रंगभूमीला ते पेलले. मग दळणाचा डबा, गोळ्यांच्या पुड्या आणि रुमालातले मंगळसूत्र आपल्या कथेला का पेलू नये? रुग्णालयाच्या दाराशी सुरू होणारी कथा चार दिवस आधी, गिरणीच्या रांगेत सुरू करून पाहावी. तेथे नाट्य कमी असेल; माणूस अधिक असेल.

आपल्या त्रैमासिकाचे वाचक हेच त्याचे लेखकही असतात. नाताळ अंकासाठी दरवर्षी बेथलेहेमच्या गाईगुरांवर कविता येतात आणि त्या याव्यातही. परंतु या वर्षी एखाद्या सुनेने सासूच्या मोतीबिंदूच्या आधीचा आठवडा लिहून पाठवावा. एखाद्या नवऱ्याने, पत्नी दवाखान्यात असताना मिठाचा डबा शोधताना काय कळले, ते लिहावे. आणि जिचे ऑपरेशन झाले तिने, शक्य तर, आपली भीती आपल्याच शब्दांत, हसत किंवा न हसता, सांगावी. भाषा शुद्ध असण्याची अट नाही. वऱ्हाडी असली तर अधिक चांगले. संपादकांनी त्या लेखनातून ‘किरकोळ’ हा शब्द तेवढा काढू नये; तो कोणाच्या तोंडी आला आहे, हे वाचकाला दिसू द्यावे.